किल्लीचा साक्षीदार

गाडीची किल्ली गेली ती जुन्या भांड्यांच्या मोडीत.

बुधवारी सकाळी अच्युतराव शिंत्रे यांनी स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ रिकामं केलं. त्यांची पत्नी शैलजा जाऊन दोन वर्षं झाली होती. एकट्या माणसाला सात पातेली, चार पराती आणि अकरा डबे लागत नाहीत, हे त्यांना आता पटलं होतं. मोड घेणारी बाई दाराशी आली, तिने सगळं तोलून पोत्यात भरलं आणि बदल्यात झाकणाची एक कढई दिली. गुरुवारी सकाळी सात वाजता गाडीची किल्ली घ्यायला त्यांनी हात लांबवला, तेव्हा कोपऱ्यातला छोटा डबाही जागेवर नव्हता. ‘सौ. शैलजा अ. शिंत्रे’ असं नाव कोरलेला तो डबा बाकीच्या डब्यांबरोबर त्यांनीच उचलून दिला होता. किल्ली त्यात होती.

किल्ली डब्यात कशाला ठेवायची, असं कुणी विचारेल. ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आजकालच्या गाडीची किल्ली कुलपात फिरवायची नसते. ती एक छोटा रेडिओ असते. गाडी आणि किल्ली यांच्यात एक गुपित ठरलेलं असतं. दोन मुलांनी परवलीच्या शब्दांची एकसारखी वही जवळ ठेवावी, दर भेटीत पुढचा शब्द म्हणावा आणि तो खोडून टाकावा, तसं हे चालतं. कुणी चोरून एक शब्द ऐकला तरी उपयोग नाही, कारण तो शब्द पुन्हा चालत नाही. पण चोरांनी वेगळीच वाट काढली. एक जण घराच्या भिंतीबाहेर अँटेना घेऊन उभा राहायचा, दुसरा गाडीजवळ. आतल्या किल्लीची कुजबुज पहिला पकडायचा आणि दुसऱ्याकडे पोचवायचा. गाडीला वाटायचं, किल्ली आपल्या शेजारीच आहे. यावर सोपा उपाय म्हणजे धातूचा, घट्ट झाकणाचा डबा, कारण रेडिओलहरी त्यातून बाहेर पडत नाहीत. अच्युतराव जन्मभर भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार होते. सांगितलेलं काम ते जसंच्या तसं करत.

मोडवाल्या बाईला त्यांनी दुपारपर्यंत शोधून काढलं. ती बिचारी घाबरली. “साहेब, पोतं काल सांजच्यालाच शिरोलीच्या भट्टीला गेलं. आता त्याचं पाणी झालं असंल.”

घरात दुसरी किल्ली होती, शैलजाची. पण नव्या किल्ल्या माणसाच्या नावाने नोंदलेल्या असतात. शैलजाच्या मृत्यूची नोंद झाली, त्याच दिवशी तिची किल्लीही गाडीने विसरून टाकली होती.

त्या गुरुवारी अच्युतरावांना आजऱ्याच्या पुढे डोंगरात जायचं होतं. तिथल्या ‘डोंगरवाट’ निवासात त्यांचा धाकटा भाऊ मुकुंद राहत असे. मुकुंद एकोणसाठ वर्षांचा होता, पण त्याची समज सहासात वर्षांच्या मुलाएवढी होती. दर गुरुवारी अच्युतराव गडहिंग्लजहून निघत, मुकुंदला गाडीत बसवत, धरणाच्या भिंतीपर्यंत फिरवून आणत आणि संध्याकाळी सोडत. नऊ वर्षांत एकही गुरुवार चुकला नव्हता. मुकुंद दुसऱ्या कुठल्याही वाहनात बसत नसे, निवासाच्या बसमध्येसुद्धा.

अच्युतरावांनी निवासाच्या व्यवस्थापक ग्रेसी बारदेसकर यांना फोन केला.

“मुकुंद गेटवर आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून बसलाय. आत चल म्हणून सांगितलं मी त्याला. पण तो उठत नाही.”

२०४१ सालचा तो जानेवारी होता, आणि डोंगरात थंडी होती. पुढचा गुरुवार चुकता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

*

कंपनीच्या शोरूममध्ये माणूस नव्हता, पडदा होता. पडद्याने अतिशय नम्रपणे सांगितलं की सगळ्या किल्ल्या हरवल्या असतील, तर गाडीचा अख्खा मेंदू बदलावा लागेल. त्याला सात आठवडे लागतील. मग त्याने जो आकडा दाखवला, तो गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता.

“नुसती किल्ली नाही का मिळत?”

“आपल्या समाधानासाठी आम्ही वचनबद्ध आहोत,” पडदा म्हणाला.

त्यात एक आठवडा गेला, आणि दुसरा गुरुवारही. मग कुणीतरी बसस्थानकासमोरच्या तबस्सुम मुल्लाणीचं नाव सांगितलं. तिचे वडील तिथेच कानशीने पितळी किल्ल्या घासत असत. तबस्सुमच्या टपरीत आता कानशीबरोबर दोन पडदे आणि वायरींचं जंजाळ होतं. तिशीतली बाई, बोलायला मोकळी.

“हुईल की काका! चार हजारात करून देते. त्यात माझा चहा पण आला. फक्त तुमचा निकटवर्ती आणा.”

“म्हणजे कोण?”

“तेच तर. कोण हाय तुमचं?”

चार वर्षांपूर्वी हा नियम आला होता. विचार करणारी यंत्रं स्वस्त झाली, तशी चोरांनाही मिळाली. ती कुणाचीही सही, चेहरा, आवाज हुबेहूब करून दाखवत. मग नवी किल्ली मागणारा माणूस खरा मालक आहे, हे ओळखायचं कसं? शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट शोधली. सगळ्याची नक्कल होते, पण सहवासाची होत नाही. तीन महिने एखाद्याच्या जवळ बसणं-उठणं चोराला परवडत नाही.

तो सहवास मोजायचा कसा, तेही अवघड नाही. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाच्या एका अब्जांश भागात साधारण एक फूट जातात. दोन फोन एकमेकांना बारीक हाक मारतात, आणि उत्तर यायला किती अब्जांश लागले ते मोजतात. तेवढं कळलं की दोघांमधलं अंतर वीतभर इकडेतिकडे कळतं. दोघं काय बोलले, हे फोन नोंदत नाही. किती वेळ जवळ होते, एवढंच नोंदतो. गेल्या नव्वद दिवसांत चाळीस तास तुमच्या तीन मीटरच्या आत जो जागा होता, तो तुमचा निकटवर्ती. त्याने येऊन साक्ष दिली की कुठलाही परवानाधारक किल्लीवाला नवी किल्ली करून देऊ शकतो.

तबस्सुमने अच्युतरावांचा फोन पडद्याला जोडला. ती पडद्यावरची यादी वरखाली सरकवत राहिली.

“काका, ह्यात काहीच न्हाय.”

“नेट गेलं असेल.”

“नेट लागतच न्हाय त्याला. हे बघा, दूधवाला अकरा मिनिटं. बँकेतला गार्ड चौदा. मेडिकलवाला वीस. आणि सगळ्यात जास्त कोण, सांगू? केस कापणारा. एक तास पाच मिनिटं.”

“चांगला माणूस आहे तो.”

“असंल की. पण चाळीस तास पायजेत.” तिने त्यांच्या टकलाकडे पाहिलं. “एवढे केस कुठनं आणायचे?”

दोघंही हसले. अच्युतरावांचं हसू आधी थांबलं.

*

शेजारचे उदय हत्तरकी आनंदाने तयार झाले. “अहो, अकरा वर्षं आपली भिंतीला भिंत! मी नाही तर कोण साक्ष देणार?” त्यांनी दिवाणखान्यातच दोन्ही फोन एकमेकांना लावले. फोनने भिंतीपलीकडचा वेळ धरला नाही. उरला तो जिना, पाण्याच्या मीटरवरून झालेली एक बैठक आणि संक्रांतीचा तिळगूळ. सगळा मिळून पन्नास मिनिटं.

“एवढाच?” हत्तरकींच्या पत्नी म्हणाल्या. “आमच्या मांजराचे ह्यांच्याजवळ जास्त तास भरतील.”

हत्तरकी ओशाळले. ते म्हणाले, “असं करू. मी रोज संध्याकाळी येऊन बसतो तुमच्याकडे. त्यात काय एवढं?”

ते आले. पहिल्या संध्याकाळी पाऊसपाणी, गुडघे आणि नगरपालिका झाली. दुसऱ्या संध्याकाळी नगरपालिका आणि गुडघे झाले. मग दोघं जण बंद पडलेल्या पंख्याकडे पाहत बसले. अधूनमधून हत्तरकी फोन उचलून किती मिनिटं झाली ते बघत. अच्युतरावांना ते दिसत होतं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनीच फोन करून सांगितलं, “आज नका येऊ. मला जरा बाहेर जायचंय.” मग ते दिवा न लावता घरातच बसून राहिले, कारण दिवा लावला असता तर हत्तरकींना दिसला असता.

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी भाड्याची जीप केली. एसटी आता डोंगरवाटेच्या फाट्यावर थांबत नव्हती, आणि विनाचालक टॅक्सी कच्च्या रस्त्यावर जायला नकार देई. मुकुंद गेटवरच होता. स्वेटर घातलेला, केस चापून बसवलेले. जीप थांबली, तसा तो उभा राहिला. दादाला पाहून हसला. मग त्याने जीपकडे पाहिलं आणि मान हलवली.

“ही नाही.”

“अरे मुकू, आपली गाडी बंद आहे. आज हिच्यातून जाऊ. धरणापर्यंतच.”

“ही नाही.”

जीपवाला घड्याळ बघत होता. अच्युतराव भावाशेजारी गेटच्या कट्ट्यावर बसले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. काय बोलावं ते सुचेना, कारण नऊ वर्षं ते गाडीतच बोलले होते. समोरचा रस्ता, झाडं, एखादी म्हैस, यांच्याबद्दल. वीस मिनिटांनी जीपवाल्याने हॉर्न दिला.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना त्यांना वाटलं, मोजणीच्या नकाशावर एखादा गट चुकून सुटावा, चारी बाजूंच्या हद्दी लागाव्यात पण त्याचा स्वतःचा नंबरच नसावा, तसं आपलं झालं आहे.

*

दुसऱ्या दिवशी ते तबस्सुमकडे गेले ते फोन परत मागायला. जीपने जाण्याआधी त्यांनी तो पुन्हा एकदा तपासायला तिच्याकडे ठेवला होता.

“सोडून दे पोरी. गाडी विकून टाकतो.”

“आणि भावाकडे कसं जाणार?”

“तो दुसऱ्या गाडीत बसत नाही. त्याला माझ्याशिवाय कोण आहे? आठवडाभर माझी वाट बघत असतो.”

तबस्सुमने स्टूल पुढे केलं. “कोल्हापुरात भाड्यानं मिळतात हो निकटवर्ती. रोज दोन तास तुमच्या घरी येऊन बसतात. तीन आठवड्यांत चाळीस भरतात. पेपर वाचतात, पत्ते खेळतात. कायद्यात बसत न्हाय, पण चालतंय.”

अच्युतरावांनी क्षणभर विचार केला. खोटं कशाला सांगा, त्यांना साक्षीपेक्षा पत्त्यांचाच मोह पडला. मग त्यांनी मान हलवली. “जमीन मोजताना मी कधी खुंट सरकवला नाही. आता भाड्याने माणूस आणू?”

“मग गाडी तरी बघू द्या मला एकदा.”

ती संध्याकाळी आली. तारेचा आकडा घालून तिने दोन मिनिटांत दार उघडलं. दार उघडणं सोपं असतं, गाडी सुरू करणं अवघड. स्टिअरिंगखालच्या खाचेत तिने आपलं यंत्र लावलं आणि गाडीची सुरक्षा-स्मृती वाचायला घेतली. ती वाचायला किल्लीवाल्यांना परवानगी असते.

“काका, ह्या गाडीत तुमच्या शेजारी कोण बसतं?”

“मुकुंदच. दुसरं कोण बसणार?”

“त्याच्याकडे फोन न्हाय?”

“कशाला देतील त्याला फोन? निवासात हातात एक कडं असतं, कोण कुठे आहे ते कळायला. पण गेटबाहेर जाताना ते काढून ठेवायचं असतं.”

“म्हणून तो तुमच्या फोनला दिसलाच न्हाय.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. “पण गाडीला दिसलाय. हे बघा. प्रवासी क्रमांक एक, नाव नोंदलेलं न्हाय. बेचाळीस तास दहा मिनिटं.”

हे कसं झालं, तेही सांगतो. उन्हात बंद गाडीत लहान मूल विसरून राहू नये, म्हणून गाड्यांच्या छतात एक बारीक रडार बसवलेलं असतं. आपण श्वास घेतो तेव्हा छाती काही मिलिमीटर पुढे येते. हृदयाच्या ठोक्याने त्याहूनही कमी, केसाच्या जाडीएवढी हलते. रडारला हे दोन्ही कळतं, अगदी स्वेटरमधूनसुद्धा. प्रत्येकाची ही हालचाल वेगळी असते. एकट्या माणसाच्या श्वासाची नक्कल करणारं रबरी ऊर चोरांनी बनवलं होतं, म्हणून मालकाचा एकट्याचा श्वास पुरावा धरत नाहीत. पण दोन ओळखीची माणसं शेजारी बसली की हळूहळू एकाचा श्वास दुसऱ्याच्या श्वासाशी जुळवून घेतो. त्यांना ते कळतही नाही. या जोडश्वासाची नक्कल अजून कुणाला साधलेली नव्हती, आणि कायद्याला तो चालत होता.

“म्हणजे मुकू साक्ष देऊ शकतो?”

“देऊ शकतो. पण घाई करायला लागंल. नव्वद दिवस पुढं सरकत राहतात, काका. तुमचे तीन गुरुवार बुडाले. येत्या गुरुवारी मागचा एक गुरुवार गळणार, की चाळीसच्या खाली गेलात. बुधवारपर्यंत त्याला ह्या गाडीत आणून बसवा. आणि त्याला बोलावं लागंल. यंत्र विचारतं, हा माणूस कोण? उत्तर स्वतःच्या शब्दांत पायजे, कुणी पढवलेलं न्हाय.”

“पण तो दुसऱ्या गाडीतून इथे येणार नाही. आणि ही गाडी तिकडे जाणार नाही.”

तबस्सुमने डोक्याला हात लावला. मग हसली. “जाईल की. टोचन करून.”

*

मंगळवारी सकाळी टोचनच्या ट्रकवर अच्युतरावांची पांढरी गाडी चढली. पुढे ड्रायव्हर, मध्ये तबस्सुम, खिडकीशी अच्युतराव. रस्ताभर ते तिला मुकुंदबद्दल सांगत होते. तो अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांसमोर तो चाळीस मिनिटं गप्प बसला होता.

“नाव तरी सांगंल?”

“माहीत नाही.”

ट्रकच्या आवाजाने निवासातली सगळी माणसं अंगणात आली. मुकुंद सर्वांत शेवटी आला. त्याच्या अंगावर निळा एप्रन होता आणि त्याच्या बोटांना काजूची भुकटी लागली होती. निवासात काजूगर निवडण्याचं काम चाले, आणि मुकुंद तिथे कामाला होता, हे अच्युतरावांना माहीत होतं. पण एप्रनमध्ये त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ते गुरुवारीच येत, आणि गेटवरूनच त्याला नेत.

गाडी खाली उतरली. मुकुंदने तिच्याभोवती एक फेरी मारली. मग दार उघडून आपल्या जागी बसला. अच्युतराव चालकाच्या जागी बसले. तबस्सुम मागे बसली, यंत्र मांडीवर घेऊन.

“दोघांनी नुसतं बसायचंय. दहा मिनिटं.”

ते बसले. समोर काचेत रस्ता नव्हता, निवासाची भिंत होती आणि वाळत घातलेल्या चादरी होत्या. यंत्राच्या पडद्यावर दोन रेषा वरखाली होत होत्या. आधी त्या वेगवेगळ्या धावत होत्या. सहाव्या मिनिटाला एक रेघ जराशी मंदावली, दुसरी तिच्याजवळ आली.

“जुळलं,” तबस्सुम हळूच म्हणाली. “मॅडम, आता ह्यांचं ओळखीचं पान लागंल. साक्षीदार कोण हाय, ते निवासानं सांगायचं.”

बारदेसकर मॅडमनी खिडकीतून आपला टॅब आत दिला. मुकुंदच्या हातातलं कडं जे मोजत होतं, ते सगळं त्यावर होतं. तबस्सुमला फक्त वरचा क्रमांक हवा होता, पण टॅब अच्युतरावांच्या हातातून जात होता आणि अक्षरं मोठी होती.

मुकुंद रामचंद्र शिंत्रे. निकटवर्ती : अकरा.

दिलीप, सहाशे बारा तास. शेवंता मावशी, स्वयंपाकघर, दोनशे ऐंशी. वामन. धोंडिबा, बाग. छाया. पुढे आणखी नावं. अच्युतरावांनी ती यादी खालपर्यंत वाचली, आणि पुन्हा वरून वाचली.

“माझं नाव नाही यात?”

“बाहेर जाताना कडं काढतो ना आपण,” मॅडम म्हणाल्या. “तुमचा वेळ इथे मोजला जात नाही.”

“नाही, ते बरोबर आहे,” अच्युतराव म्हणाले. टॅब त्यांनी मागे दिला.

यंत्राने एका बाईच्या शांत आवाजात विचारलं, “तुमच्या शेजारी बसलेली व्यक्ती कोण आहे? तुम्ही त्यांना का भेटता? तुमच्या शब्दांत सांगा.”

मुकुंद समोरच्या चादरींकडे बघत राहिला. एक मिनिट गेलं. अच्युतरावांना सांगावंसं वाटत होतं, मुकू, दादा म्हण, फक्त दादा म्हण. पण सांगायचं नव्हतं. यंत्राने प्रश्न पुन्हा विचारला.

“दादा,” मुकुंद म्हणाला.

तबस्सुमने सुटकेचा श्वास टाकला. “आणि का भेटता?”

मुकुंदने तिच्याकडे वळून पाहिलं. तिला कसं माहीत नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं.

“त्याच्या घरी कुणी नाही,” तो म्हणाला. “वहिनी गेली. त्याला करमत नाही. म्हणून गुरुवारी मी जातो त्याच्याबरोबर. मला गाडीत मळमळतं. पण जातो.”

यंत्राने टुण्ण असा आवाज केला आणि साक्ष मान्य झाल्याचं सांगितलं.

“मळमळतं?” अच्युतरावांनी खिडकीबाहेर पाहून विचारलं.

बारदेसकर मॅडम अवघडल्या. “गुरुवारी सकाळी तो काही खात नाही. आम्ही दोनदा म्हटलं त्याला, दादांना सांगू या का? तर म्हणाला, नको, मग दादा येणार नाही.”

नवी किल्ली तयार व्हायला पाच मिनिटं लागली. तबस्सुमने ती अच्युतरावांच्या हातात ठेवली. काळी, हलकी, अंगठ्याएवढी. त्यांनी बटण दाबलं, तशी गाडी जागी झाली. दिवे लागले. अंगणातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मुकुंदने पट्टा लावून घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ओठ मिटून घेतले.

अच्युतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं तो असाच बसत आला होता. त्यांना तो शहाण्यासारखा बसलेला वाटे.

“आज नको जाऊ या फिरायला,” ते म्हणाले.

“नको?”

“नको.”

“तुला करमेल?”

“करमेल.”

मुकुंदने पट्टा सोडला. उतरून तो दोन पावलं गेला, परत आला, आणि खिडकीतून आत वाकून म्हणाला, “गुरुवारी ये.” मग एप्रन सारखा करत तो कामाच्या खोलीकडे गेला. दारात एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस त्याच्यासाठी थांबला होता. तो बहुधा दिलीप असावा.

टोचनचा ट्रक मोकळा परत गेला. तबस्सुम अच्युतरावांच्या गाडीतून निघाली. टपरीसमोर उतरताना ती म्हणाली, “काका, किल्लीच्या नोंदीत एक कॉलम रिकामा हाय. तुमचे आणखी कुणी निकटवर्ती असतील तर आत्ताच नोंदवा म्हणजे पुढच्या वेळी त्रास नको. काय लिहू?”

“राहू दे तसाच,” ते म्हणाले. “आहे ते खरं आहे.”

*

बुधवारी अच्युतरावांनी गाडी धुतली. नव्या कढईत पोहे केले आणि ते जास्त झाले. दुपारी ते खुर्चीत बसून राहिले. घरात घड्याळाचा आवाज येत होता. आपला श्वास कसा चालला आहे, याकडे त्यांनी थोडा वेळ लक्ष दिलं. लक्ष दिलं की तो बिघडतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. तीन वाजता ते उठले, किल्ली घेतली आणि निघाले.

डोंगरवाटेच्या गेटवर कुणी बसलेलं नव्हतं. राखणदाराने गाडी ओळखली, पण फाटक उघडलं नाही.

“साहेब, आज बुधवार हाय.”

“माहीत आहे.”

“मुकुंददादा कामावर हाईत. बोलावू?”

“नको. मीच जातो आत.”

त्यांनी गाडी बाहेर झाडाखाली लावली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते अंगण ओलांडून त्या लांबट खोलीत गेले. एका मोठ्या टेबलाभोवती दहाबारा माणसं बसली होती. मधोमध काजूगरांचा ढीग होता. अख्खे गर एका परातीत, पाकळ्या दुसरीत, तुकडे तिसरीत. कुणी गुणगुणत होतं. त्यांनी आत पाऊल टाकलं, तसं सगळं थांबलं, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आपण इथे कशासाठी आलो, हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. गाडीही नव्हती.

“कोण हे?” पांढऱ्या केसांच्या माणसाने विचारलं.

“दादा,” मुकुंद म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. हातातला गर त्याने उजेडाकडे धरला, तपासला आणि परातीत टाकला. मग तो बाकावर थोडा सरकला.

अच्युतराव बसले. बाक बुटका होता, गुडघे दुखले. त्यांनी मूठभर काजू पुढ्यात ओढले आणि निवडायला लागले. अख्खे, पाकळी, तुकडे. माणसं पुन्हा आपापल्या बोलण्यात शिरली. त्यातली नावं, हसणी, जुनी भांडणं यातलं त्यांना काहीच कळत नव्हतं, आणि कुणी समजावून सांगितलंही नाही.

थोड्या वेळाने मुकुंदने त्यांनी निवडलेल्या गरांत हात घातला. अख्ख्या गरांमधून चिरलेले चार गर वेचून काढले, त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाला, “नीट बघून.”

“हो,” अच्युतराव म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून निवडायला सुरुवात केली.